जुन्या शाही गाड्यांचे टायर आणि रबर तपासताना या चुका टाळा

रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टसारखी गाडी समोर आली की आपण सगळे आधी बॉनेट उघडतो, टायरकडे नुसती नजर टाकतो, नक्षी दिसते ना मग चांगलाय, झालं. हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. अहो, गाडी वर्षाला शे-दोनशे किलोमीटर चालते, नक्षी झिजणारच कशी? हा टायर उभ्या उभ्या म्हातारा होतो, उन्हानं आणि हवेतल्या ओझोननं. टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे (त्यात टायर कधी बनला ते असतं) शेवटचे चार आकडे बघा, 2000 पासूनच्या टायरवर 2314 म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा. कोडच नसेल तर टायर जुना धरूनच चाला.

दुसरं, चिरा शोधायला गाडी जॅकवर घेऊ नका. वजन उतरलं की बारीक चिरा मिटून जातात. गाडी जमिनीवर असताना खाली जिथं साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, फुगते तिथं टॉर्च मारा, मग गाडी हातभर ढकला, परत बघा, असं पूर्ण चाक फिरवा. नख रुतवून अंदाज घेण्यापेक्षा ड्युरोमीटर, म्हणजे रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र, लावा. चांगल्या टायरचं रीडिंग साधारण 60-70 शोअर ए (कडकपणाचं माप) येतं, 80 च्या वर गेलं तर रबर वाळलंय. 1907 च्या चाचणीत सिल्व्हर घोस्ट सुमारे 15,000 मैल पळवल्यावर तिचे पार्ट खोलून झीज मोजली होती, नुसतं बघून निकाल दिला नव्हता.

आता बीडेड एज टायर, म्हणजे खूप जुन्या गाड्यांचे, कडेनं रिममध्ये अडकणारे टायर. यात लोक हमखास चुकतात, कारण गाडी मऊ चालावी म्हणून हवा कमी ठेवतात. या टायरच्या कडेत तार नसते, ती कड रिममध्ये धरून ठेवते ती हवाच. साइजप्रमाणे बऱ्याचदा 50-60 पीएसआय किंवा त्याहून जास्त लागते, टायर कंपनीचा तक्ताच पाळा. व्हॉल्व्ह तिरका दिसला म्हणजे टायर रिमवर सरकलाय, तशी गाडी गेटबाहेर काढू नका, प्लीज.

रबरी पाइपचंही तेच. एका गाडीचा पेट्रोल पाइप मी काढला, बाहेरून अगदी नवा, कापला तर आतला थर फुगून भोक काडीएवढं राहिलेलं! आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. ईपीडीएम नावाचं रबर रेडिएटरच्या पाइपला उत्तम, पण पेट्रोल-ऑइलला लावलं की फुगतं, त्यामुळे दुकानदार "सगळं एकच रबर" म्हणाला तरी घेऊ नका. नव्या पाइपचा तुकडा वजन करून दोन दिवस पंपावरच्याच पेट्रोलमध्ये बुडवा, झाकणाच्या काचेच्या बरणीत, घराबाहेर, मग पुसून परत वजन करा, वजन चांगलंच वाढलं किंवा तुकडा लिबलिबीत झाला तर तो पाइप नको.

आणि स्टेपनी! चार टायर नवे घेतात आणि जुन्यातला "बरा" तिथं टांगतात. रस्त्यात पंक्चर झालं की नेमका तोच चढवावा लागतो. तिचीही तारीख बघा.