हिचिनची शाळा बघायला जाताना

लेकीकडे-लेकाकडे लंडनला आला असाल आणि राजवाडे, पूल बघून झाले असतील, तर एक दिवस हिचिनला जा. किंग्ज क्रॉसहून गाडीने अर्धा-पाऊण तास, पुढे पायीच. क्वीन स्ट्रीटवर जुन्या शाळेच्याच इमारतीत ब्रिटिश स्कूल्स म्युझियम आहे. स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं, रोज उघडं नसतं. वार-वेळ वेबसाइटवर बघूनच घराबाहेर पडा.

मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, बरीच वर्षं दोनशिक्षकी शाळेत. म्हणून सांगते, जुन्या पाट्या-दौतींचे फोटो नंतर काढा. आधी १८३७ चा मोठा वर्ग गाठा. ३०० मुलगे आणि मास्तर एक! हे निभत कसं असेल, एवढाच प्रश्न डोक्यात ठेवून फिरा. मधली जागा लिहायला बसण्याची. भिंतीलगत मात्र मॉनिटर, म्हणजे जरा मोठा मुलगा, उभा राहायचा आणि त्याच्यासमोर अर्धवर्तुळात पोरं. वाचायचं भिंतीवरच्या तक्त्यावरून, म्हणजे एकाच पुस्तकात सगळ्यांचं भागायचं. नातवंडं सोबत असतील तर थोरल्याला मॉनिटर करा आणि धाकट्याला नऊचा पाढा शिकवायला लावा. पाढा पाठ होतो, हे मी हमखास सांगते. धड्याचा अर्थ त्या वाटेने पोचत नाही, हेही सांगते.

या पद्धतीच्या शाळांत अगदी लहान पोरं वाळूत बोटाने अक्षरं गिरवायची. ही युक्ती आपल्याकडची बरं का! अँड्र्यू बेल नावाचे पाद्री मद्रासला एग्मोरच्या अनाथाश्रमात होते. मद्रासमधल्या एका देशी शाळेत त्यांनी मुलांना असं गिरवताना पाहिलं, आपल्या आश्रमात मुलांकडूनच मुलांना शिकवून घेतलं आणि १७९७ मध्ये त्या प्रयोगाचं पुस्तक काढलं. जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये मॉनिटरांच्या जोरावर शाळा चालवली. मग मूळ कल्पना कुणाची, यावरून दोघांच्या समर्थकांत चांगलीच जुंपली. मद्रासच्या त्या पंतोजीचं नाव कुणी घेतलं नाही.

लँकेस्टर छडीच्या विरोधात होता. पण व्रात्य पोराला टोपलीत घालून छताला टांगायची शिक्षा त्याचीच. अंगठे धरायला लावणारे आमचे गुरुजी परवडले!

नंतर १८५३ च्या पायऱ्यापायऱ्यांच्या वर्गात या आणि सगळ्यात वरच्या बाकावर बसा. लपायला जागा नाही. मास्तरला प्रत्येक तोंड दिसतं. इथे कवी मॅथ्यू अर्नल्ड इन्स्पेक्टर म्हणून येऊन गेले. १८६२ नंतर तर हजेरी आणि इन्स्पेक्टरने घेतलेली परीक्षा यांवर शाळेचं अनुदान ठरायचं. साहेब यायच्या आदल्या दिवशी शाळेत काय धांदल उडते हे ज्यांनी भोगलंय, त्यांनी तिथल्या स्वयंसेवकांना इन्स्पेक्शनबद्दल जरूर विचारावं. परतीच्या गाडीची घाई मात्र ठेवू नका, गप्पा लांबतात.