दार्जिलिंगचे 'बी क्लास' इंजिन चढावर कसे पाहावे

दार्जिलिंगच्या छोट्या गाडीचे फोटो पुष्कळ काढले जातात, पण तिचे इंजिन नीट पाहिले जात नाही. ग्लासगोच्या शार्प, स्टुअर्ट कंपनीने 1889 मध्ये बांधायला सुरुवात केलेल्या या 'बी क्लास'ची 34 इंजिने 1925 पर्यंत तयार झाली. त्यांतील काही अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यात, तर काही रेल्वेच्या स्वतःच्या तिनधरिया कार्यशाळेत बांधली गेली. दोन फुटी रुळांवर, भर घाटात, प्रवाशांनी भरलेले डबे ओढणे हे त्यांचे काम. पुढे दिलेल्या क्रमाने पाहिले, तर या इंजिनाचे प्रत्येक वेगळेपण चाकाखालच्या पकडीसाठीच आहे, हे आपल्याला स्वतःच कळेल.

सुरुवात गाडी सुटण्यापूर्वी, उभ्या इंजिनापासून करावी. चाके मोजावीत, ती चारच आहेत आणि चारही ओढणारी आहेत. कोळसा-पाणी वाहणारा वेगळा टेंडर मागे नाही. पाण्याची एक टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली आहे, दुसरी खाली सांगाड्यात आहे, आणि कोळसाही बॉयलरच्या वर, ड्रायव्हरच्या पुढ्यात रचलेला असतो. त्यामुळे इंजिनाचे सुमारे 15 टन वजन पूर्णपणे ओढणाऱ्या चाकांवरच पडते, आणि आखूड सांगाडा घाटातील अतिशय तीव्र वळणांतून निघतो. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी: पाणी आणि कोळसा संपत जातो, तशी पकडही कमी होत जाते.

आता थोडे गणित करावे, कारण त्याशिवाय पुढचे दृश्य अर्धेच समजते. सिलिंडरचा व्यास 11 इंच, दट्ट्याची धाव 14 इंच, चाकाचा व्यास 26 इंच आणि वाफेचा दाब दर चौरस इंचाला 140 पौंड असे आकडे नेहमीच्या सूत्रात घातले, की इंजिनाची ओढ सुमारे 3,500 किलो येते. कोरड्या रुळावर पकड वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढी धरली, तर ती 3,750 किलो होते, म्हणजे वाफेच्या ताकदीपेक्षा जेमतेम जास्त. धुक्याने रूळ ओले झाले आणि पकड सहाव्या हिश्शावर आली, की ती 2,500 किलोच उरते. दर 25 मीटरला 1 मीटर चढणाऱ्या वाटेवर इंजिनाला स्वतःलाच वर नेण्यात 600 किलो खर्ची पडतात आणि डब्यांच्या प्रत्येक टनामागे आणखी 40 किलो लागतात. इथे वाफ कमी पडण्याआधी पकड सुटते, ती अशी.

म्हणून गाडी चढू लागली की नजर धुराड्याकडे नव्हे, इंजिनाच्या अगदी पुढच्या पट्टीकडे न्यावी. तिथे बसलेली माणसे हाताने रुळांवर वाळू टाकतात. ओल्या वळणावर इंजिन थबकते, चाके जागच्या जागी गरगर फिरतात, ड्रायव्हर क्षणभर वाफ तोडतो, मूठभर वाळू रुळावर पडते आणि गाडी पुन्हा पुढे सरकते. या इंजिनावरचे सर्वांत कौशल्याचे काम हेच, असे माझे मत आहे. वर कोळशाशी बसून ढेकळे फोडणारा माणूसही अवश्य पाहावा. रूळ अनेक ठिकाणी रस्त्याला लागून धावतात आणि तो ओलांडतातही, तेव्हा उभे राहण्याची जागा आधीच निवडून ठेवावी.

यानंतर कान द्यावा. दोन सिलिंडर आणि प्रत्येकातून दोन्ही बाजूंनी निसटणारी वाफ, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार ठोके ऐकू येतात. एका फेऱ्यात इंजिन साधारण 2 मीटर सरकते. त्यामुळे 10 सेकंदांतील ठोके मोजून त्यांना 5 ने भागले, की ताशी किलोमीटरमधील वेग मिळतो. खरा वेग त्याहून किंचित कमी असतो. ठोके एकाएकी धडाधड वाढले आणि डबे मात्र पुढे आले नाहीत, तर चाके घसरली असे समजावे.

वाफेच्या इंजिनाची छोटी फेरी दार्जिलिंग ते घूम या टप्प्यावर होते. घूम स्थानक 2,258 मीटर उंचीवर आहे आणि वाटेत 1919 मध्ये बांधलेले बतासियाचे वळसेदार वळण लागते. झिगझॅग मात्र या टप्प्यात नाहीत. ते पाहायचे असतील, तर खाली रंगटंग ते गयाबाडीच्या पट्ट्यात जावे. तिथे गाडी पुढे जाऊन थांबते, सांधा बदलतो, मग इंजिन डब्यांना मागून रेटत वरच्या पातळीवर नेते आणि पुन्हा दिशा बदलून चढू लागते. आपल्या बोरघाटातही खंडाळ्याजवळ 1863 पासून 1929 पर्यंत गाड्यांना असेच उलटे फिरावे लागत असे. तिथला चढ 37 ला 1 होता, म्हणजे दार्जिलिंगच्या मानाने बराच सौम्य, पण मोठ्या गाड्यांसाठी तोही कठीण. दार्जिलिंगला जाणे शक्य नसेल, तर याच वर्गातील एक इंजिन नेरळ-माथेरान रेल्वेकडेही आणले गेले होते, हे महाराष्ट्रातील वाचकांनी ध्यानात ठेवावे.