"आता वय झालं, हलकंच बरं" : उतारवयात ताटातल्या या चुका टाळा

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी बाकांवर ज्येष्ठांचा अड्डा जमतो. गप्पा संपवून उठताना जवळपास प्रत्येकाचा हात आधी गुडघ्यावर जातो. "वय झालं," म्हणून सगळे हसतात. मला त्यांचं रात्रीचं जेवण आठवतं. यातल्या बऱ्याच घरांत रात्री नुसता दूधभात असतो.

घरी तपासून बघा. हाताची घडी छातीवर घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. तोल जात असेल तर शेजारी कुणीतरी उभं हवंच. १५ सेकंदांहून जास्त लागले किंवा हात टेकावाच लागला, तर स्नायूंतलं बळ कमी झालं असण्याची शक्यता आहे.

"मी हलकंच खातो हो"

सगळ्यात मोठी चूक हीच. हलकं म्हणता म्हणता ताटातून आधी उसळ जाते, कारण 'वात होतो'. मग अंडी जातात. वरण पातळ होत होत पाण्याच्या रंगाचं होतं. उरतं काय, तर पोळी, भात, चहा-बिस्किटं.

साधा हिशेब करू. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, थोडा वरणभात, संध्याकाळी चहा-खारी, रात्री दूधभात. एवढ्यात प्रथिनं होतात जेमतेम ३०-३५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची प्रौढांसाठीची शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. साठीनंतर तर बरेच तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात, कारण वयस्कर स्नायू तेवढ्याच प्रथिनांना पूर्वीसारखी दाद देत नाहीत. शिवाय दिवसभराचा कोटा एकदाच भरूनही चालत नाही, तो तिन्ही वेळांत विभागावा लागतो.

यासाठी प्रथिनांच्या पावडरचे महागडे डबे आणायची गरज नाही. पोह्यांवर मोड आलेली मटकी घाला, किंवा मुगाचं धिरडं आणि वाटीभर दही घ्या. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांत १२ ग्रॅम मिळतात. खिचडीत तांदळाच्या निम्मी डाळ घालतो, ती बरोबरीने घाला. रात्री पिठलं-भाकरी खा. मऊ असतं आणि बेसन डाळीचंच. दूधभात हवाच असेल तर नंतर चार घास, हौसेपुरता. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

आणि हो, नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत. रोज जमेल तेवढी तळजाई किंवा पर्वती चढा, ते नाही तर खुर्चीतली ती उठबस दहादा करा.

"पायांना मुंग्या येतात, विसरायला होतं, वयच ते"

वय नसेलही. बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडलं तरी हेच होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने ही कमतरता आपल्याकडे किती सर्रास आहे ते अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवलं आहे. शाकाहारी घरात बी-१२ मिळतं ते मुख्यतः दूध-दह्यातून. वयाबरोबर पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी-१२ नीट सुटतही नाही. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर रक्त तपासून घ्याच. अशा वेळी दूध वाढवून भागेलच असं नाही. गोळ्या-इंजेक्शनं डॉक्टर ठरवतील.

गोळी चहाबरोबर

थायरॉईडची गोळी चहाच्या घोटाबरोबर आणि कॅल्शियमची त्याच्या मागोमाग, हे पुष्कळ घरांत चालतं. थायरॉईडची रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी, कॅल्शियम निदान चार तासांनी. लोहाची गोळीही चहापासून लांब ठेवा.

कवळी डब्यात

वर सांगितलेलं सगळं करूनही आजी फक्त मऊ भात मागत असतील, तर त्यांच्या पथ्यावर वाद घालण्याआधी तोंडात बघा. ढिली कवळी टोचते म्हणून ती जेवताना काढून ठेवली जाते, आणि "मला भूक नाही" हे कारण पुढे केलं जातं. आमच्या एका शेजारीणबाईंचं पथ्य वर्षभर चाललं होतं. दंतवैद्याने कवळी बसवून दिल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय मागितलं? शेंगदाण्याचं कूट घातलेली मटकीची उसळ, आणि ती सणसणीत तिखट.