फेरीवाला कायद्याचा अभ्यास : कलम, कचेरी आणि फुटपाथ

‘ठाण्यातील फेरीवाले’ हा विषय एका प्रबंधात मावत नाही. ‘गोखले रोडवर जप्त झालेला माल मुदतीत परत मिळतो का?’ एवढा नेमका प्रश्न घ्या.

आधी मूळ मजकूर वाचा. पथविक्रेता अधिनियम, 2014 चे कलम 18 विक्रीचे प्रमाणपत्र असलेल्या फेरीवाल्याला हटवण्याआधी 30 दिवसांची नोटीस सांगते. कलम 19 नुसार जप्त मालाची यादी द्यावी लागते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत. याउलट महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 231 नुसार आयुक्त विनानोटीस माल हटवू शकतात. विसंगती आली तर 2014 चाच कायदा वरचढ, असे त्याचे कलम 33 म्हणते. कायद्याचे विद्यार्थी बहुतेकदा इथेच थांबतात. पण माल उचलणाऱ्या पालिकेच्या पथकाने पंचनाम्यात कोणते कलम लिहिले, हे पाहिल्याशिवाय धोरणाबद्दल काहीच सांगता येत नाही.

त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. उत्तराला 30 दिवस, पुढे अपील. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द, शुल्क 10 रुपये. ‘कारवाई का केली?’ असे विचारलेत तर हाती काही लागत नाही, कारण खुलासा देणे बंधनकारक नाही. ‘अमुक प्रभाग समितीच्या जप्ती नोंदवहीची एप्रिल ते जूनची प्रत’ असे मागा. अभ्यास नवी मुंबईत स्टेशनलगत असेल तर आधी जागा कुणाची ते बघा : सिडको, रेल्वे की महापालिका. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) खाली पाच दिवसांत वर्ग व्हायला हवा.

मुलाखती दुपारी, धंदा मंद असताना घ्या आणि पालिकेच्या माणसाला सोबत अजिबात नेऊ नका. नाव, फोटो, गाळ्याची नेमकी जागा नोंदवू नका. उद्या तोच कागद त्यांच्यावर उलटू शकतो. ‘नियम पाळतात का?’ याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येते. ‘मागच्या वेळी पालिकेची गाडी आली तेव्हा काय काय उचललं? यादी दिली? कधी सुटलं? किती भरले, पावती मिळाली?’ असे क्रमाने विचारा. प्रमाणपत्र आहे की नाही, याचा रकाना वेगळा ठेवा, नाहीतर कलम 18 कुणाला लागू होते तेच कळणार नाही.

नोंदवही आणि विक्रेत्याचे म्हणणे जुळले नाही, तर दोन्ही तसेच छापा. आणि जप्तीनंतर ज्यांनी धंदाच सोडला त्यांना शेजारच्या गाड्यांवर विचारून शोधा. ते नोंदीतून राहून गेले तर नुकसानीचा आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो.