अर्धवट पडलेली अ‍ॅम्बेसेडर घरच्या घरी पूर्ण करताना

मराठवाड्यात जुनी अ‍ॅम्बेसेडर बहुतेक एकाच अवस्थेत सापडते. पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर चढवलेली, इंजिन पोत्यावर उतरवलेलं, दारं भिंतीला टेकवलेली आणि नट-बोल्ट रंगाच्या रिकाम्या डब्यात एकत्र. सुरुवातीला उत्साह असतो, पैसाही असतो. काम अडतं ते शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात, आणि अडण्याचं कारण बहुधा चुकलेला क्रम असतो. आधी रंग उरकला जातो. मग इंजिन सोडताना मडगार्ड घासतं, ब्रेक ऑइल सांडून नवा रंग फुगतो, वायरिंगसाठी रंगलेल्या पत्र्याला पुन्हा भोकं पाडावी लागतात, आणि गाडीवर एकदा ताडपत्री पडली की वर्षानुवर्षं निघत नाही. म्हणून आमचा आग्रह एवढाच: गाडी आधी बिनरंगाची चालवा, स्वतःच्या ब्रेकवर थांबवा. रंग त्यानंतर.

खालचे आकडे १४८९ सीसीच्या बीएमसी ‘बी सीरीज’ पेट्रोल इंजिनाचे आहेत. इसुझू पेट्रोल किंवा डिझेल इंजिन असेल तर हे आकडे लावू नका. आणि विटांवरची गाडी आजच उतरवा. वीट सूचना न देता फुटते. ३ टनी घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) चार घ्या आणि त्या बॉडीच्या मजबूत जागांखालीच लावा.

पैसा घालण्याआधी कागद

आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. पेट्रोल महाग वाटायचं तेव्हा डिझेल इंजिन बसवलेल्या आणि आरसीवर नोंद न केलेल्या अ‍ॅम्बेसेडर आपल्याकडे कमी नाहीत. अशी गाडी देखणी करून आरटीओत नेली की पासिंग अडतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे फॉर्म २५ भरून, तपासणी आणि पर्यावरण कर उरकून दर वेळी ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली असतील आणि गाडीत मोठे बदल नसतील तर २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नूतनीकरणाची ५,०००. पण त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. आठवड्याच्या बाजाराला गाडी न्यायची असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

डब्यातले नट-बोल्ट

एक पूर्ण दिवस फक्त मोजदादीला द्या. प्रत्येक जोडाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. यादीचे तीन भाग करा: आहे, दुरुस्त होईल, आणायचं आहे. तिसरा भाग हातात आल्याशिवाय पुढचं काही उघडू नका.

ही गाडी इंची आट्यांची आहे. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात एम८ (८ मिमीचा मेट्रिक बोल्ट) मिळतो आणि तो ५/१६ यूएनएफच्या (बारीक इंची आट्याच्या) भोकात दोन-तीन आटे जातोही, कारण ५/१६ म्हणजे ७.९४ मिमी. पण एम८चा आटा १.२५ मिमीचा, यूएनएफचा इंचाला २४, म्हणजे साधारण १.०६ मिमीचा. पान्याने जोर लावला की भोकातले आटे गेले. हाताने शेवटपर्यंत न फिरणारा बोल्ट चुकीचा समजा. ७/१६, १/२, ९/१६ चे रिंग पाने आणि गोट्या (सॉकेट) आधी घ्या. १३ चा पाना १/२ वर चालतो, हे खरं आहे. ११ चा ७/१६ वर जेमतेम चालतो.

सुटे भाग कोलकात्याच्या मल्लिक बाजारात आणि दिल्लीच्या काश्मिरी गेटला मिळतात. नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबादचा जुना बाजारही सोयीचा. रबरी वस्तू मात्र सर्वांत शेवटी मागवा. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दोन वर्षं पडलेलं दाराचं नवं रबर बसवायच्या दिवशीच तडकतं.

पत्रा

अ‍ॅम्बेसेडरला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दाराखालचा उंबरठा (मिस्त्री त्याला सिल म्हणतात) कुजला असेल तर दोन्ही बाजू एकदम कापू नका. दारं बसवलेली ठेवा, आतून २५ मिमीच्या चौकोनी पाइपचा आडवा-तिरपा टेकू वेल्ड करा, एक बाजू कापा, जोडा, दाराची फट मोजा, मग दुसरी. फट वर-खाली वेगळी दिसू लागली तर गाडी मधून बसते आहे, तिथेच थांबायचं. गंज शोधायच्या इतर जागा: पायाखालचा फ्लोअर, बॅटरीची बैठक, डिक्कीचा तळ, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर आणि पुढच्या टॉर्शन बारची (पिळाच्या जोरावर स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईची) आडवी पट्टी. शेवटच्या दोन ठिकाणी लांबी (खळगे भरायची पुट्टी) भरून भागत नाही, तिथे चाकांचा भार येतो. टॉर्शन बार सोडताना ताण पूर्ण उतरवा, आणि डावा-उजवा खुणेने वेगळे ठेवा; वापरलेला बार बाजू बदलून लावायचा नसतो.

जालन्याचं लोखंड प्रसिद्ध आहे, पण ते सळईचं. इथे सीआरसीए (थंड लाटलेला, मऊ केलेला) पत्रा लागतो: बाहेरच्या भागांना २० गेज, फ्लोअर आणि सिलला १८ गेज. मिग वेल्डिंगला ०.८ मिमी तार. सलग ओढायचं नाही. एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, असं फिरत राहायचं, नाहीतर दाराचा सपाट पत्रा लाटेसारखा वाकतो. गॅस वेल्डिंगने हेच अधिक होतं. गावाकडे सिंगल फेजचा दाब पडला की मिग तार वितळवण्याऐवजी ढकलू लागतं आणि जोड वरून बरा, आतून सुटा राहतो. टाकाऊ तुकड्यावर जोड करून हातोडीने फोडून बघा. पत्रा फाटला पाहिजे, जोड नाही. लांबीचा थर ३ मिमीच्या वर जाऊ देऊ नका.

इंजिन आणि त्याचं खाणं-पिणं

हेडचे नट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, शेवटी ४० फूट-पाउंड म्हणजे ५.५ किलो-मीटर. टॅपेटची फट ०.०१५ इंच (०.३८ मिमी). त्यासाठी नऊची बेरीज लक्षात ठेवा: ८ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना १ नंबर लावायचा, ७ उघडा असताना २, आणि असंच पुढे. पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६ इंच, प्लगची ०.०२५ इंच, फायरिंग १-३-४-२.

हेड उघडं आहे तोवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवून घ्या. देशभर शिसं असलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं. हे इंजिन त्या शिशावर जगणारं आहे. जुन्या सीटवर लांब पल्ला मारला की व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. वारंवार टॅपेट आवळले जात असतील तर दोष इथे शोधा.

पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल काही अंशी आपल्याच शिवारातल्या उसाचं, पण जुन्या रबराला ते मानवत नाही. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची सगळी रबरी नळी व्हिटॉनच्या अस्तराची घ्या, पंपाचा डायफ्रामही इथेनॉलला टिकणारा. टाकी उतरवून गंज काढा. इथेनॉल ओल धरतं, म्हणून बंद राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर सोडू नका. एसयू कार्बोरेटर असेल तर जेट पुलाशी (कार्बोरेटरच्या आतल्या उंचवट्याशी) सपाट आणून नट दोन पूर्ण फेरे खाली, म्हणजे १२ कडा, इथून सुरुवात. इंजिन गरम झाल्यावर पिस्टन जेमतेम १ मिमी उचला. आवाज चढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बसलं तर कमी. क्षणभर चढून पूर्ववत झाला तर बरोबर. एका वेळी एकच कड फिरवा. मे महिन्यात पेट्रोलची नळी एक्झॉस्टजवळून गेली असेल तर नळीतच पेट्रोलची वाफ होऊन सिग्नलला गाडी बंद पडते आणि सगळे कॉइलला दोष देतात. नळी लांबून न्या, मध्ये पत्र्याचा आडोसा करा.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीच नको. त्या पाण्याचा पांढरा थर हंड्यात दिसतो, तोच ब्लॉकमध्ये साचतो आणि चौथ्या सिलिंडरकडचे मार्ग बंद करतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला. ‘आपल्याकडे ऊन आहे’ म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची पद्धत आहे, ती सोडा. काढल्याने गरम होणं थांबत नाही, फक्त हिवाळ्यात प्लग काळे होतात. इंजिन तापतंय तर रेडिएटरचा गाभा बदलून घ्या.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल भरून, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा. ऑइलचा काटा हलल्यावरच प्लग लावा. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर सुरू होताच १,५०० ते २,००० आरपीएमवर २० मिनिटं चालवा. इथे आयडलवर सोडलेलं इंजिन नवा कॅम घासून टाकतं. मागच्या बाजूने ऑइलचा एखादा थेंब पडणं या इंजिनाला नवं नाही, कारण मागे ओठवालं सील नाही, क्रँकवरची वळी ऑइल परत ढकलते. पण धार लागली तर आधी ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) चोंदलाय का पाहा, मग क्लच उतरवा.

ब्रेक आणि वायरिंग

मास्टर सिलिंडर, सगळे व्हील सिलिंडर आणि पाइप एकदमच नवे. पाइप ३/१६ इंचाचा, टोकाला दुहेरी फ्लेअर (पाइपाचं पसरवलेलं तोंड). साधा फ्लेअर दाबाखाली चिरतो. आधी सर्व लायनर ड्रमला टेकेपर्यंत लावा, मगच हवा काढा. क्रम लांबच्या चाकापासून: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पेडल स्पंजासारखं राहत असेल आणि हवा येत नसेल तर दहातल्या नऊ वेळा दोष लायनरच्या सैलपणाचा असतो.

वायरिंगमध्ये जुनी गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली) आहे का, हे बॅटरी जोडण्याआधी ठरवा. डायनॅमो काढून अल्टरनेटर लावताना हे विसरलं की डायोड जळतात. हेडलाइटला ६० वॉटचे दोन बल्ब म्हणजे १० अँपिअर. तो भार जुन्या स्विचवर न टाकता रिले लावा, २.५ चौरस मिमीची वायर ओढा. पहिल्यांदा वीज देताना बॅटरीच्या एका टोकात २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब मध्ये जोडा. सगळं बंद असताना बल्ब लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि हे कळायला वायर जळावी लागत नाही. लूम (वायरांचा जुडगा) बसवल्यावर रबरी ग्रोमेट लावून भोकं बंद करा. उंदरांना कापसाच्या गंजीपेक्षा नवी वायर जास्त आवडते.

आता सीटऐवजी फळी टाकून, अंगणात आणि शेताच्या रस्त्याला गाडी चालवा. गिअर, क्लच, वळण, ब्रेक, गळती, सगळं इथे उघडं पडतं. आठवडाभर दोष काढा. मग रंगासाठी इंजिन उतरवा.

रंग

घरी करू नये असं एकच काम यात आहे. टू-के पीयू (दोन भाग मिसळून मारायच्या) रंगाच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा लागतो आणि कापडी मास्कने काही अडत नाही. घासकाम, एपॉक्सी प्रायमर हाताने किंवा मोकळ्या हवेत करा. शेवटचे थर वाळूज, चिकलठाणा किंवा लातूरकडे बूथ असलेल्या दुकानात मारून घ्या. टेम्पोने नेण्या-आणण्याचा खर्च त्रासापेक्षा स्वस्त पडतो.

तयारीचा क्रम: उघड्या पत्र्यावर एपॉक्सी, त्यावर लांबी, त्यावर सरफेसर (घासून सपाट करायचा जाड प्रायमर). काळ्या रंगाचा हलका फवारा मारून १८० ते ३२० च्या कागदाने लाकडी ठोकळ्यावर घासा. काळं उरलं ती जागा खोल. शेवटी ६०० चा पाण्याचा कागद. हे पाणीही बोअरचं नको, डाग उमटतात. काम दिवाळीनंतर ते जानेवारी अखेर उरका. फेब्रुवारी-मार्चला ज्वारीची मळणी सुरू झाली की हवेत भुसा, एप्रिलपासून रंग पत्र्यावर पोचायच्या आत सुकतो, आणि जूननंतर ओल. आतबाहेर धरून साधारण ४ लिटर रंग लागतो. एकाच वेळी मिसळून घ्या, दुसऱ्या डब्याची छटा जुळत नाही.

पुन्हा जोडणी

आवाज रोखणारा डांबरी थर, ब्रेक पाइप, लूम, मग छताचं कापड, मग काचा. हा क्रम उलटला की छताची कड काचेच्या रबराखाली जात नाही. काच बसवताना रबराच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवा, साबणाचं पाणी लावा, बाहेरून एकाने तळव्याने दाबायचं, आतून दुसऱ्याने दोरी ओढायची. प्रत्येक अर्थच्या जागेचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा. नव्या रंगानंतर मंद पेटणाऱ्या दिव्याचं कारण नेहमी तिथेच असतं. बंपर आणि क्रोम अगदी शेवटी.

पहिल्या ५० किलोमीटरला चाकांचे नट पुन्हा आवळा. एकदा पूर्ण गरम होऊन थंड झालेल्या इंजिनाचं हेड त्याच ४० फूट-पाउंडला तपासा आणि टॅपेट परत लावा. ५०० किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदला, लायनर जवळ घ्या, किंगपिनच्या सगळ्या निपलांत ग्रीस भरा. तोवर मांजरसुंब्याचा किंवा कन्नडचा औट्रम घाट नको. चढाला नवं इंजिन तापतं आणि उताराला न बसलेले लायनर सरकतात.