क्लिंगॉन वाचता-लिहिताना या चुका टाळा

क्लिंगॉन ही ‘स्टार ट्रेक’मधल्या परग्रहवासीयांची भाषा. भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी ती रचली आणि १९८५ मध्ये तिचा शब्दकोश निघाला. तिच्यात २१ व्यंजनं आणि ५ स्वर आहेत. लिपी रोमन, आणि प्रत्येक अक्षराचा उच्चार ठरलेला. तरीही बेळगाव, निपाणी, खानापूर भागातले मराठी शिकाऊ पहिल्याच पानावर अडखळतात. कारण साधं आहे. फोनवर मराठी रोमन अक्षरांत लिहायची सवय बोटांना लागलेली असते आणि क्लिंगॉन वाचतानाही तीच आड येते.

रोमन ‘ए’ घ्या. मराठी मेसेजमध्ये तो कधी अ असतो, कधी आ. क्लिंगॉनमध्ये तो कायम आ. जे-ए-जे म्हणजे दिवस, उच्चार ‘जाज’. ‘जज’ म्हटलंत तर चुकलं. तसंच ‘जी-एच’ दिसलं की आपण घ वाचतो, तो घ नव्हे. ग म्हणताना जिभेचं मूळ टाळूला पूर्ण टेकवू नका, बारीक फट ठेवा आणि घशात आवाज चालू ठेवून हवा घासत सोडा. गावातले दख्खनी बोलणारे ‘ग़रीब’ म्हणतात, त्यातला ग़ हाच. कॅपिटल एच म्हणजे त्यांच्याच ‘ख़बर’मधला ख़. आपला ह इथे चालत नाही.

दख्खनीचा आधार इथपर्यंतच घ्या. पुढचं अक्षर स्मॉल क्यू, म्हणजे क़, आणि दख्खनीत क़ची जागा बहुतेक ख़ने घेतलेली असते: ‘क़लम’ऐवजी ‘ख़लम’, ‘क़ीमा’ऐवजी ‘ख़ीमा’. त्यावर विसंबलात तर क्यू आणि कॅपिटल एच एकच होऊन बसतील. क़ वेगळा बसवा. क म्हणा, जीभ कुठे टेकली ते लक्षात घ्या, मग टेकण्याची जागा मागे सरकवत पडजिभेपर्यंत न्या. तिथे हवा अडवून एकदम सोडा.

कॅपिटल क्यूची सुरुवात याच जागेवरून होते, पण सोडताना हवा खरखरत बाहेर येते, क़ला ख़ चिकटल्यासारखी. हा फरक सोडून चालत नाही, कारण अर्थ बदलतो. क्यू-ए-जी-एच हा शब्द स्मॉल क्यूने लिहिला तर तो जिवंत अळ्यांचा खाद्यपदार्थ, कॅपिटल क्यूने लिहिला तर ‘चूक’. क्यू-ए-एच हा स्मॉल क्यूने ‘महाशय’, कॅपिटल क्यूने ‘मदत करणे’. एस-यू-क्यूचं शेवटचं अक्षर स्मॉल असेल तर ‘मिळवणे’, कॅपिटल असेल तर ‘विषारी असणे’.

म्हणूनच या भाषेत वाक्याच्या सुरुवातीला कॅपिटल अक्षर लिहीत नाहीत. डी, आय, एस आणि एकटा येणारा एच ही चार अक्षरं कायम कॅपिटलच (सी-एच, जी-एच, टी-एल-एच यांतला एच तेवढा स्मॉल), क्यू दोन्ही प्रकारचा, बाकी सगळी स्मॉल. फोनचा कीबोर्ड मात्र वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो. जीबोर्ड असेल तर सेटिंग्जमध्ये टेक्स्ट करेक्शन उघडून ऑटो-कॅपिटलायझेशन बंद करा. मथळे सगळ्या कॅपिटल अक्षरांत लिहू नका. कॅपिटल आय आणि स्मॉल एल एकसारखे दिसत असतील तर फाँट बदला, एरियलपेक्षा व्हर्डाना बरा.

च आणि ज इथे मराठी माणूस हमखास घसरतो. आ, उ, ओ हे स्वर पुढे आले की आपली जीभ ‘चाक’, ‘जागा’ यांतल्या दंत्य उच्चाराकडे वळते. क्लिंगॉनला तालव्य च-ज हवेत, ‘चहा’ आणि ‘जेवण’ यांतले. कन्नड येत असेल तर काम सोपं: मराठीतली जत्रा नको, कन्नडातली ‘जात्रे’ हवी. ई या रोमन अक्षरासाठीही कन्नडाकडेच जा. मराठीत ए ताणला जातो. कन्नडातल्या ‘एल्लि’मधला ऱ्हस्व ए क्लिंगॉनच्या जास्त जवळ आहे.

कॅपिटल डी म्हणजे आपला ड, पण ‘डबा’तला. ‘वाडा’ म्हणताना दोन स्वरांमध्ये आपली जीभ नुसती फटका मारून जाते, तसं करू नका. कॅपिटल एस म्हणजे खरा ष. ‘भाषा’ लिहून ‘भाशा’ म्हणायची सवय इथे नडते. जिभेचं टोक ळच्या जागी वळवून धरा आणि न टेकवता स म्हणा.

व्ही आणि डब्ल्यू दोन्ही आपल्याला व वाटतात. व्ही-ई-एम म्हणजे ‘जागं होणे’, डब्ल्यू-ई-एम म्हणजे ‘नियम मोडणे’. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला लावा, डब्ल्यूला दात दूर ठेवून ओठ गोल करा.

सर्वांत अवघड टी-एल-एच. हे तिन्ही मिळून एकच व्यंजन. ‘कोल्हा’तला ल्ह आठवून ‘ट्ल्ह’ म्हटलं जातं, ते चूक, कारण आपल्या लमध्ये गळा घुमतो. जीभ लसारखी वरच्या हिरडीला लावा, बाजूही बंद करा, मग टोक न हलवता दोन्ही बाजूंनी हवा जोरात फोडा. गळ्यावर बोट ठेवून पाहा: व्यंजन संपून स्वर सुरू होईपर्यंत थरथर जाणवता कामा नये.

अपॉस्ट्रॉफी हे चिन्ह नाही, पूर्ण व्यंजन आहे. खोकण्याआधी गळा क्षणभर बंद होतो, तेवढाच थांबा. ‘चा’ म्हणजे टॉर्पेडो (अनेकवचन), आणि त्यालाच शेवटी अपॉस्ट्रॉफी लावली की ‘दोन’. ती गाळणं म्हणजे अक्षर गाळणं.

एन-जी म्हणजे ङ, मागे ग नाही. भाषेचं स्वतःचं नाव सांगताना बरेच जण मध्ये ‘ङ्ग’ घालतात, तिथे नुसता ‘ङ’ हवा. शब्दाच्या सुरुवातीला ङ जमत नसेल तर ‘अङ्’ म्हणून त्यातला अ हळूहळू गाळा. यातूनच एक कोडं निघतं. एन-जी-एच अशी ओळीने अक्षरं आली तर तोडायचं कुठे? या भाषेत स्मॉल एच एकटा कधीच येत नाही, तो सी-एच, जी-एच आणि टी-एल-एच यांतच असतो. म्हणजे एच जीलाच जोडायचा: न आणि मग ग़. ‘नेनग़ेप’ हा शब्द असाच वाचतात. ङ आणि ग़ शेजारी हवे असतील तर जी दोनदा लिहावा लागतो.