होम थिएटर रिसीव्हर निवडताना: ब्रँड बाजूला ठेवा, मॉडेल आणि उष्णता बघा

रिसीव्हर म्हणजे टीव्ही, प्लेअर वगैरेंचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारं यंत्र. ‘कुठल्या कंपनीचा रिसीव्हर टिकतो?’ हा प्रश्न सगळे विचारतात, पण त्याच्या उत्तराचा खरेदीला फारसा उपयोग होत नाही. डेनॉन आणि मॅरँट्झ २००२ पासून एकाच घरात नांदतात; त्यांची मालकी २०२२ मध्ये मासिमोकडे आणि २०२५ मध्ये सॅमसंगच्या हरमनकडे गेली. पायोनियरचा होम ऑडिओ व्यवसाय २०१५ मध्ये ऑनक्योकडे आला आणि २०२२ मध्ये ऑनक्योचीच दिवाळखोरी झाली. दोन्ही नावं मात्र नव्या मालकांकडे चालू आहेत. दहा वर्षांपूर्वीचा लौकिक, चांगला असो वा वाईट, आजच्या खोक्यातल्या सर्किट बोर्डाबद्दल फार थोडं सांगतो.

तक्रारींची संख्याही फसवी असते. जो ब्रँड जास्त खपतो त्याच्या तक्रारी जास्त दिसणारच, आणि सुरळीत चालणाऱ्या रिसीव्हरबद्दल कोणी लिहायला बसत नाही.

दोन जुनी प्रकरणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. २००९ ते २०१२ या काळातल्या ऑनक्योच्या बऱ्याच मॉडेलांत आवाज आणि नेटवर्क बंद पडायचं. मूळ दोष बाहेरून घेतलेल्या चिपचा होता आणि कंपनीने २०१८ अखेरपर्यंत मोफत दुरुस्ती देऊ केली. २०२० मध्ये एचडीएमआय २.१ चे (चित्र-आवाज एकाच केबलने नेणाऱ्या जोडणीची नवी आवृत्ती) पहिले रिसीव्हर आले, तेव्हा एकाच पुरवठादाराच्या चिपमुळे डेनॉन, मॅरँट्झ आणि यामाहा हे तिन्ही एकदम अडकले: एक्सबॉक्स सिरीज एक्स या गेम कन्सोलकडून येणारं ४के १२० हर्ट्झचं (सेकंदाला १२० फ्रेमचं) चित्र काळं पडायचं. कुणी मध्ये जोडायची छोटी डबी (अॅडाप्टर) दिली, कुणी बोर्ड बदलून दिला. दोन्ही वेळा गोम नव्या पिढीच्या डिजिटल भागात होती. म्हणून बाजारात येऊन वर्ष उलटलेलं, निदान दोन-चार फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट पचवलेलं मॉडेल घ्यावं. त्याची किंमतही तोवर उतरलेली असते.

नेमकं काय बिघडतं

पॉवर अँप्लिफायरचा भाग सहसा चिवट असतो. आधी मरतो तो एचडीएमआय बोर्ड. त्यावरच्या चिप गरम होतात, बाहेरच्या केबलमधून येणारे विजेचे झटके खातात, आणि दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण बोर्ड बदलणं. वॉरंटी संपल्यावर त्या बोर्डाचा खर्च नव्या रिसीव्हरच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. त्यामुळे खरेदीपूर्वी सर्व्हिस सेंटरला एकच प्रश्न विचारा: या मॉडेलचा बोर्ड किती वर्षं मिळेल? उत्तर गुळमुळीत आलं तर त्यातूनही कळतंच.

दुसरा शत्रू उष्णता. साध्या एबी वर्गाच्या (पारंपरिक, जास्त तापणाऱ्या अँप्लिफायरच्या) सात चॅनलच्या रिसीव्हरला नुसतं चालू ठेवायलाही कितीतरी वॅट लागतात, आणि त्यांची उष्णताच होते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं (वीज साठवणारा आतला भाग) आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. दारं लावलेल्या टीव्ही युनिटमध्ये कोंबलेला महागडा रिसीव्हर मोकळ्या फळीवरच्या स्वस्त रिसीव्हरआधी जातो, तो यामुळेच.

वॅटचा आकडा कसा वाचायचा

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा ६ ओहम (स्पीकरचा विद्युत अडथळा), १ किलोहर्ट्झ, एकच चॅनल आणि १० टक्के विकृती (आवाज बिघडण्याचं प्रमाण) धरून काढलेला असतो. तुम्हाला हवा तो आकडा तांत्रिक तपशिलात खाली दडलेला असतो: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल एकत्र, विकृती ०.१ टक्क्याच्या आत. एकाच यंत्राचे हे दोन आकडे दुपटीच्या फरकाने वेगळे निघू शकतात. पाच-सात चॅनल एकदम चालवताना प्रत्येकाच्या वाट्याला याहूनही कमी येतं.

किती लागतात? १ वॅटला १ मीटरवर ८८ डेसिबल देणारा स्पीकर घ्या. बसायची जागा ३ मीटर दूर असेल तर त्याच १ वॅटवर खोलीत साधारण ८० डेसिबल पोचतात. सिनेमातले धमाके सरासरीपेक्षा २० डेसिबल वर जातात, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. सरासरी ८० डेसिबलवर पाहणाऱ्याला क्षणभरासाठी १०० वॅट लागू शकतात. सरासरी ७५ वर ठेवणाऱ्याला ३०-३५ पुरतात. सबवूफर (खर्जाचा वेगळा स्पीकर) असेल आणि ८० हर्ट्झखालचा आवाज स्पीकरऐवजी त्याच्याकडे वळवला असेल तर सगळ्यात जड काम सबवूफर स्वतःच्या अँप्लिफायरवर उचलतो. ८० आणि ९० वॅटच्या मॉडेलमधला फरक जेमतेम अर्धा डेसिबल, त्यासाठी वरचे पैसे मोजू नका.

त्यापेक्षा वजन बघा. एकाच किमतीच्या दोन रिसीव्हरमध्ये जो दोन-तीन किलो जड, त्याचा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) बहुधा मोठे असतात. (डी वर्गाच्या, म्हणजे कमी तापणाऱ्या स्विचिंग पद्धतीच्या अँप्लिफायरला हा निकष लागू नाही, ते हलकेच असतात आणि थंडही राहतात.) स्पीकर ४ ओहमचे असतील तर मॅन्युअलमध्ये ४ ओहमची स्पष्ट परवानगी आहे का ते आधी तपासा. ६ ओहम किंवा जास्त असतील तर मेनूमधलं ओहम सेटिंग ८ वरच राहू द्या; खालचं सेटिंग अनेक मॉडेलांत फक्त व्होल्टेज कापतं.

दोन सोयी असतील तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. एक, प्री-आउट (बाहेरच्या अँपकडे सिग्नल नेणाऱ्या जोडण्या): पुढे वेगळा पॉवर अँप लावता येतो, आणि आतला एखादा चॅनल मेला तरी रिसीव्हर कामाचा राहतो. दोन, ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयने उलट रिसीव्हरकडे आणण्याची सुधारित सोय): सगळी उपकरणं टीव्हीला जोडून फक्त आवाज रिसीव्हरकडे आणता येतो. त्यामुळे रिसीव्हरचा व्हिडिओ भाग जुना झाला किंवा इनपुट गेले, तरी यंत्र भंगारात जात नाही. मात्र टीव्हीलाही ईएआरसी हवं. नुसत्या एआरसीवर (जुन्या आवृत्तीवर) ट्रूएचडी हा डॉल्बीचा उच्च दर्जाचा आवाज येत नाही. काही टीव्ही डीटीएस (डिस्कवर वापरला जाणारा आवाजाचा दुसरा प्रकार) पुढे पाठवतच नाहीत, डिस्क पाहणाऱ्यांनी हे आधी बघून घ्यावं.

खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करा. परदेशातून आणलेल्या सेटची वॉरंटी बहुधा विकलेल्या देशापुरती असते आणि १२० व्होल्टचं यंत्र २३० वर लावलं तर ते क्षणात जळतं. कंपनीने स्वतः दुरुस्त करून वॉरंटीसह विकलेला सेट मात्र चांगला सौदा असतो.

परत करण्याची मुदत वाया घालवू नका

नव्या यंत्रातले उत्पादन-दोष बरेचदा पहिल्या काही आठवड्यांतच बाहेर येतात. म्हणून खोका जपा आणि पहिल्याच दिवसापासून रिसीव्हर पिळून काढा.

आधी फर्मवेअर. वायफायपेक्षा लॅन केबल किंवा यूएसबीने अपडेट करा आणि ते संपेपर्यंत वीज बंद करू नका; अर्धवट अपडेटने बोर्ड निकामी होऊ शकतो. मग एकच प्लेअर आणि एकच केबल घेऊन प्रत्येक एचडीएमआय इनपुटवर ४के एचडीआर चित्र १०-१० मिनिटं चालवा. एखाद्याच इनपुटवर ठिपके उडाले किंवा चित्र क्षणभर गेलं तर दोष तिथला. सगळीकडे तसंच झालं तर आधी केबल बदला. ४के १२० हवं असेल तर ४८ गिगाबिटची प्रमाणित केबल घ्या.

स्पीकर जोडण्यापूर्वी मल्टिमीटरचं एक काम: स्पीकरकडे त्याला घातक डीसी व्होल्टेज जात नाही ना, हे बघणं. व्होल्यूम शून्यावर, रिसीव्हर चालू, मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक चॅनलच्या दोन टर्मिनलांमध्ये मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. सतत त्याहून जास्त दाखवत असेल तर सेट परत करा. मोजताना मीटरच्या दोन्ही टोकांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नका.

स्पीकर जोडल्यावर टेस्ट टोन देऊन प्रत्येक चॅनल तपासा. नंतर शांततेत ट्विटरला (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला) कान लावा: बारीक सूं आवाज चालतो, गुणगुण चालत नाही. गुणगुण आली तर आधी केबल टीव्ही किंवा डिशची कोअॅक्स तार (गोल जाड सिग्नल केबल) काढून बघा, बरेचदा खोट तिथेच असते. रिसीव्हर दहा वेळा बंद-चालू करा. प्रत्येक वेळी रिलेची (आतल्या स्वयंचलित स्विचची) टिक ऐकू यायला हवी आणि चित्र परत यायला हवं. शेवटी तीन तास सिनेमाच्या आवाजात चालवून झाकणावर हात ठेवा. ऊबदार ठीक, हात ठेववत नसेल तर हवा कमी पडते आहे.

रिसीव्हरच्या माइकने खोलीचं मापन करताना सबवूफरचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त आलं तर ते दुरुस्त करू नका. सबवूफरच्या आतल्या प्रक्रियेला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो.

बसवताना

वर निदान १५ सेंटिमीटर आणि बाजूंना, मागे १० सेंटिमीटर जागा सोडा. मॅन्युअल जास्त मागत असेल तर तेवढी. वर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका. कपाट बंदच असेल तर १२० मिलिमीटरचा पंखा कमी वेगाने हवा बाहेर फेकेल असा बसवा. तो रिसीव्हरच्या १२ व्होल्ट ट्रिगरवर (यंत्र चालू असताना वीज देणारी मागची जोडणी) जोडायचा असेल तर ट्रिगरची मिलिअँपिअर मर्यादा आणि पंख्याचा प्रवाह ताडून पाहा.

एचडीएमआय केबल काढता-घालताना दोन्ही उपकरणं भिंतीच्या बटणापासून बंद ठेवा. एचडीएमआय बोर्ड वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. विजांच्या दिवसांत कोअॅक्स तारही काढा. साधा सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारं साधन) फक्त वीजपुरवठ्याच्या तारेवर पहारा देतो, कोअॅक्सवर नाही.

स्पीकर वायर १४ किंवा १६ गेजच्या जाडीची पुरे. टोकं पिळून घट्ट करा किंवा बनाना प्लग लावा, कारण शेजारच्या टर्मिनलला टेकलेला तांब्याचा एक केसही रिसीव्हरला प्रोटेक्शनमध्ये (स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडण्याच्या अवस्थेत) टाकतो. तसं झालं आणि लाल दिवा लुकलुकू लागला तर प्लग काढा, सगळ्या स्पीकर वायर सोडवा आणि पुन्हा चालू करा. चालू राहिला तर एकेक जोडी परत लावत जा. ज्या जोडीला बंद पडेल, ती वायर किंवा तो स्पीकर दोषी. एकही स्पीकर नसताना बंद पडत असेल तर बिघाड आतला आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका, कारण जळलेला एक ट्रान्झिस्टर शेजारचे आणखी दोन घेऊन जातो.